दक्षिणेची काच

२४ मार्च. वारा ईशान्येचा, हलका.

पोचलो एकदाचे बोरीसोम बेटावर! बोटीत माझी बायको मुनसुन शेंगा खात बसली होती आणि मी कठड्याला धरून पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करत होतो. धक्क्यावर पाणबुड्या बायकांचा घोळका उभाच होता. त्यांच्यातली सगळ्यांत वडीलधारी होंग मावशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, की हा दिवा सांभाळायला आलाय, याला आधी स्वतःचं पोट तरी सांभाळता येतंय का बघा. सगळ्या खदाखदा हसल्या. मुनसुनही हसली, आणि तीच मोठ्यानं!

मुनसुन या बेटाची लेक. म्हणजे अख्खं बेट माझी सासुरवाडी झाली. मी बू ग्योंगसू, दीपगृहाचा रीतसर नेमलेला रखवालदार, पण इथं मला जो तो 'जावयबापू' म्हणतो. बरं वाटतं. जेजूच्या मोठ्या बेटावर, सोगविपोच्या दिव्यावर सहा जणांत मी सहावा होतो, इथं मी एकटा राजा.

घर दोन खोल्यांचं, काळ्या दगडाचं. छपराचं गवत वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरांनी जाळीसारखं बांधलेलं. मागं जवाचं हिरवंगार शेत आणि शेताच्या टोकाला मनोरा. जुना रखवालदार नामकाका याच बोटीनं परत जायचा होता, त्यामुळे किल्ल्या, तेल, वाती, भिंग सगळं त्यानं घाईघाईत दाखवलं. दिव्याच्या खोलीत दक्षिणेकडच्या काचेवर आतून पत्रा ठोकलेला आहे. काच फुटली आहे का, विचारलं. नाही म्हणाला. मग पत्रा कशाला? तर म्हणे, मी आलो तेव्हाही होता, राहू दे. आणि लगेच इथल्या शेवाळाच्या सारात मीठ किती घालतात ते सांगायला लागला.

ही वही मुनसुननं दिली. कचेरीच्या नोंदवहीत फक्त वारा आणि तेल लिहितोस, मनातलं कुठं लिहिणार, म्हणाली.

२८ मार्च. वारा पडलेला.

मुनसुन आजपासून बायकांबरोबर शिंपले काढायला पाण्यात उतरायला लागली. पांढरा फडका डोक्याला, कमरेला शिशाचं वजन, हातात कोयती, बगलेत तरंगता भोपळा. मी धक्क्यावर बसून ऐकत होतो. पाण्याखालून वर आलं, की प्रत्येक बाई कोंडलेला श्वास शीळ घालून सोडते. प्रत्येकीची शीळ वेगळी. मुनसुनची शेवटी जराशी चढते, प्रश्न विचारल्यासारखी. डोळे मिटूनही मी ती ओळखतो. ती शीळ येईपर्यंत माझाही श्वास अडकलेला असतो, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

उतरण्याआधी बायका कागदात भात बांधून समुद्रात टाकतात. एक पुडी समुद्रराजाला, एक स्वतःच्या जिवासाठी, आणि घरातलं कोणी बुडालं असेल तर त्याच्या नावाची तिसरी. मुनसुन तिसरी पुडी आईसाठी टाकते. ती लहान होती तेव्हा तिची आई दक्षिणेच्या खडकांपाशी पाण्यात गेली ती वर आलीच नाही. अंगावरचं चिरगूटसुद्धा सापडलं नाही. पुडी बांधायला दोरा नव्हता, म्हणून बाईसाहेबांनी माझा निळा स्वेटर बाहीपासून उसवायला घेतला! मी ओरडलो, तर म्हणाली, तुझ्या अंगावर तो गोणपाटासारखा दिसतो, निदान देवाच्या तरी कामाला येऊ दे.

१ एप्रिल. पश्चिमेचा वारा, संध्याकाळी धुकं.

पत्रा काढला.

कारण सांगतो. बायका शिंपल्यांच्या मागं दक्षिणेच्या खडकांवर जातात आणि परत येईतो अंधारून येतं. सगळीकडे उजेड पडतो, नेमका माझ्या बायकोच्या वाटेवर नाही. मग दिव्याच्या रखवालदाराशी लग्न करून तिनं मिळवलं काय? खिळे गंजलेले होते, पण निघाले. काच पुसून लखलखीत केली. अंधार पडताना मुनसुन भोपळा घेऊन किनाऱ्याला लागली तेव्हा उजेड तिच्या तोंडावरून फिरला, आणि तिनं मनोऱ्याकडे बघून जीभ काढून दाखवली. फार आनंद झाला.

४ एप्रिल. स्वच्छ. समुद्र आरशासारखा.

आज एक गंमत. सकाळी सज्ज्यावर भिंगाची फडकी वाळत घालत होतो, तर दक्षिणेला समुद्राच्या अगदी कडेवर डोंगर दिसला. बारीक, निळसर, नखाच्या कापलेल्या तुकड्याएवढा. नकाशात तिथं नुसतं पाणी आहे. खाली अंगणात आलो, तर दिसेना. परत वर चढलो, दिसला. असं तीनचार वेळा केलं. मुनसुननं विचारलं, की मनोऱ्यावर कोण पाहुणी बसवली आहेस.

वसंतात समुद्रावर हवेचे खेळ होतातच. नसलेली गलबतं दिसतात, असलेली उलटी होतात.

७ एप्रिल. स्वच्छ.

अजून आहे. हवेचा खेळ असता तर थरथरला असता, तासाभरात विरला असता. हा ढिम्म आहे.

धंद्यातलं गणित मांडून बघितलं. समुद्र ताटासारखा सपाट दिसतो खरा, पण त्याची पाठ भाकरीसारखी फुगलेली असते आणि लांबची वस्तू त्या फुगवट्याआड बुडते. वस्तू जितकी उंच, तितकी जास्त लांबून दिसते. आपला जेजूचा डोंगर, हल्लासान, शंभरेक मैलांवरून गलबतांना दिसतो. तेव्हा हा डोंगर हल्लासानएवढा असेल, तर तोही तितकाच लांब असणार. घाबरण्यासारखं काही नाही. पण एवढा डोंगर आजवर एकाही नकाशावाल्याला दिसू नये?

१० एप्रिल. स्वच्छ. वारा नाही.



डोंगराच्या खाली आज आकाश दिसतंय.

नीट लिहितो. माथा वर सरकला, उतार दिसले, आणि मग पायथा दिसायला हवा, पायथ्याशी पाणी दिसायला हवं. पाणी नाही. समुद्राची रेघ सरळ अखंड जाते, तिच्यावर आभाळाचा स्वच्छ पट्टा, आणि त्या पट्ट्यावर ती जमीन. दुर्बिणीतून तळ दिसला. काळा, ओला. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या बुडासारखा. त्याला शेवाळ लोंबतंय आणि पाणी ठिबकतंय.

म्हणजे माझं गणित गेलं चुलीत. जमीन हवेत किती वर आहे ते माहीत नसेल तर ती किती लांब आहे ते सांगता येत नाही. जितकी वर, तितकी लांबून दिसणार. शंभर मैल असेल, पाचशे असेल.

नोकरीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडून एक वाक्य घोकून घेतात: जिथून दिवा दिसतो, ते ठिकाण दिव्यालाही दिसतं. आज ते उलटं वाचलं. मला ती जमीन दिसते, म्हणजे तिला माझा दिवा दिसतो. पत्रा काढल्यापासून रोज.

११ एप्रिल.

होंग मावशीला गाठलं. बायकांच्या शेकोटीभोवतीच्या दगडी आवारात पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी बाहेरून सांगितलं आणि ती आतून ऐकत होती. मला वाटलं, टिंगल करेल. तिनं केली नाही. एवढंच विचारलं, पत्रा काढलास?

मग तिनं एक ओलं लाकूड शेकोटीत सारलं. म्हणाली, की ते इओदो. त्या बेटाचं नाव इथं पाळण्यातलं पोरही घेतं. बुडालेली माणसं तिथं जातात, तिथं बारा महिने जव पिकलेला असतो, कोणाला श्वास धरावा लागत नाही. ते तिकडं लांब आहे म्हणून आम्ही इकडं सुखानं रडतो. दुरून डोंगर साजरे, जावयबापू. तू त्याला दिवा दाखवून घरी बोलावलंस.

मी म्हटलं, आजच ठोकतो परत. ती म्हणाली, ठोक. पण तुझ्या बायकोनं बघायच्या आत ठोक.

मी घरी आलो तेव्हा मुनसुन सज्ज्यावर उभी होती.

१३ एप्रिल. दक्षिणेचा वारा, ओला.

पत्रा ठोकलेला आहे. पण जमीन आता अंगणातूनही दिसते. दुपारी धक्क्यावरूनही दिसली. रखवालदाराला याचा अर्थ कळायला पुस्तक लागत नाही. डोळा जितका खाली, तितकं जवळचंच दिसतं.

बायका पाण्यात उतरल्या नाहीत. खडकांवर दक्षिणेकडून काहीतरी वाहून आलं होतं. कागदाच्या पुड्या. आपल्याच असतील, परत आल्या असतील, असं कोणी तरी म्हणालं. होंग मावशीनं एक उघडली. आत जवाचा भात. वाफ येत होती.

बायकांनी गाठी बघायला सुरुवात केली. प्रत्येकीच्या घरची बांधायची रीत वेगळी. एकीनं आजीची गाठ ओळखली, एकीनं मोठ्या बहिणीची. आधी त्या रडल्या, एकमेकींना गाठी दाखवत सुटल्या. मग होंग मावशी हळूच म्हणाली, की बायांनो, आपण भात मेलेल्यांना टाकतो. मग हा आपल्याला कोण टाकतंय?

मुनसुनच्या हातात डाव्या पिळाची पुडी होती. तिची आई डावरी होती.

१४ एप्रिल.

तिनं तो भात खाल्ला.

मी चुलीत टाकायला सांगितला होता. ती ओट्यावर बसून बोटं चाटत होती. म्हणाली, अजून गरम आहे रे, आईच्या हातची चव आहे, तुला ठेवू का घासभर?

मी तिच्या तोंडात बोटं घालून ओकायला लावलं. तिनं मला ढकललं. आमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

बिनतारी यंत्रावर कचेरीला कळवलं. उत्तर आलं, की हवेचा खेळ दिसतो, दिशा नोंदवून ठेवा, धुकं निवळलं की बोट पाठवू.

१६ एप्रिल. धुकं.

आज बायका जवळच्याच पाण्यात उतरल्या. घरात खायला नको का? मुनसुननं पुड्या बांधल्या, माझ्या स्वेटरच्या लोकरीनं. दोनच. तिसरी कुठं, विचारलं. ती हसली. म्हणाली, आई तर तिकडं आहे, मला जेवण धाडतेय. जित्या माणसाच्या नावानं भात टाकतात का, वेड्या?

मग मी तिला साफ सांगितलं, की पाण्यात जायचं नाही. तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, समुद्रावर जायला नवऱ्याची परवानगी? या बेटावर असलं काही बोलू नकोस जावयबापू, लोक हसतील.

ती मला कधी जावयबापू म्हणत नाही.

तिची शीळ आली. प्रत्येक वेळी आली. पण उशिरा.

१८ एप्रिल.

पत्रा नाही. खिळे खाली मांडून ठेवलेत. कधी काढला देव जाणे. मी रोज आतून दिवा लावतो आणि माझं लक्ष कसं गेलं नाही? ती म्हणते, तुझी आई जेजूला आहे, सणाला जाऊन पाया पडतोस. माझी आई तिथं आहे. दिवा जळू दे.

मी रडलो. तिचे पाय धरले. मी म्हटलं, मला तू हवी आहेस, बाकी मला काही कळत नाही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात ओला होता. ती दिवसभर पाण्यात गेलीच नव्हती.

पत्रा पुन्हा ठोकला. हातोडी विहिरीत टाकली.

२० एप्रिल. स्वच्छ!

गेली! दक्षिणेला काहीही नाही. सज्ज्यावरून नाही, अंगणातून नाही. दुर्बीण लावली, सगळी कड तपासली. नुसती समुद्राची रेघ आणि तिच्यावर आभाळ. मी जिन्यावरून पळत खाली आलो, मुनसुनला उचललं, गरगर फिरवलं. ती काही बोलली नाही, पण तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. आज शिंपल्यांची पेज करू म्हटलं. होंग मावशीलाही आनंदानं ओरडून सांगितलं.

होंग मावशी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं छत्रीसारखा हात डोक्यावर धरला होता. म्हणाली, आज कोंबड्या खुराड्यातून बाहेरच का आल्या नाहीत?

२१ एप्रिल.

ऊन नाही. ढगही नाहीत. चारी बाजूंना कडेला ऊन चकाकतंय, जेजूचा किनारा उन्हात आहे. फक्त आम्ही सावलीत.

जवावर थेंब पडतायत. खारट.

मी वर बघितलेलं नाही. बघणार नाही.

लांबची वस्तू कडेला दिसते. जवळ आली की वर चढते. आणि कडेवरून नाहीशी कधी होते, ते मला — हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसाचा धडा. काल मी आनंदानं नाचलो.

२२ एप्रिल.

सकाळी बायका घराबाहेर पडल्या नाहीत. मुनसुन गेली. मी दारात आडवा झोपलो होतो. ती मला ओलांडून गेली, मला जाग कशी आली नाही —

धक्क्यावर तिचे कपडे. पुड्यांचे कागद दोन. पाण्यावर भोपळा.

पळत गेलो तेव्हा तिचे पाय पाण्यात शिरताना दिसले. मी बसलो. श्वास धरला. तिच्याबरोबर धरतो तसा. संपला. दुसरा घेतला. तोही —

होंग मावशी आली. बाकीच्याही आल्या. सगळ्या पाण्याकडे बघत. कोणीतरी म्हणालं, आता यायला हवी शीळ.

आली.

तीच. शेवटी चढणारी.

कोणीच पाण्याकडे बघत नव्हतं. शीळ वरून आली होती.

२३ एप्रिल.

होंग मावशी म्हणते, कानात मेण घाल. मग तिच्यासकट सगळ्या बायका होडीनं जेजूकडे निघाल्या. मला ओढत होत्या. मी नाही गेलो. मावशी होडीतून ओरडत होती — काय, ते ऐकू आलं नाही. वर फार आवाज आहे. शिळा. खूप जणींच्या. आनंदाच्या.

तिची वेगळी ओळखू येते.

पत्रा काढला. हातोडी नव्हती. नखांनी.

२४ एप्रिल

अंगणात पुडी पडली. वरून.

गरम आहे.

निळी लोकर. माझ्या बाहीची.

एक समुद्रराजाची, एक स्वतःची. तिला आता स्वतःची लागत नाही. तिथं राजाही नसेल. मग ही —

ही तिसरी आहे.

मुनसुन, मी बुडालेलो नाही. तुझी चूक होतेय. तिथून खाली बघितलं की पाणी दिसत असेल, पाण्याखाली मी दिसत असेन, पण मी — भात नको टाकू. माझ्या नावानं भात नको टाकू गं.

तेल सगळं ओतलं. वरच्या घुमटाचं झाकण काढलं. दिवा आता सरळ वर जातो. तिला दिसेल. जिथून दिवा दिसतो ते ठिकाण —

दिसतंय. कडेला कोणीतरी वाकलंय. पांढरा फडका.

हात हलवतोय मी. मुनसुन, इकडे. इकडे बघ, मी अजून